टीव्हीकडं पाठ

कुंडलच्या उसात आम्ही पाच-सहा जणी भांगलायला बसलो की तण कमी आणि गोष्टी जास्त निघायच्या! एकीनं सांगितली की दुसरीला आठवायची, तिसरीला त्याहून भारी आठवायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण ह्या गोष्टी मला पाढ्यांपेक्षा पक्क्या पाठ आहेत. खोट्या म्हणायच्या असतील तर माझ्या तोंडावर म्हणा.

आमच्या टोळीची रीत होती. आखाडात म्हसवडला सिद्धनाथाला जायचं आणि दसऱ्यापर्यंत जीव लागलेली एक वस्तू सोडायची. जुन्या बायका वांगं सोडायच्या. तेव्हा घरात दुसरं होतंच काय? मग नव्वद सालानंतर मिक्सर आले, शाम्पूच्या पुड्या आल्या, रंगीत टीव्ही आले. सोडायलाही पुष्कळ झालं!

* * *

शांतानं एका वर्षी कारलं सोडलं.

मी देवळातच म्हणाले, "भवाने, तुला कारलं आवडतं कवा गं?"

"न्हाई आवडत. म्हणून तर सोडलं!"

घरी आली तर दाराच्या कडीला पिशवी. आत हिरवीगार कारली! कुणी ठेवली, पत्ता नाही. गुरांपुढं टाकली, तर सकाळी पुन्हा पिशवी. असं कितीतरी दिवस. मग एकदा शेजारी कारली तळत होते आणि शांताच्या तोंडाला पाणी सुटलं. घरी येऊन बघते तर कडी रिकामी!

"आता खायाची लय विच्छा हाय गं," शांता रडकुंडीला आली.

मी म्हणाले, "आता सुटलं बघ खरं."

* * *

सुशीला बौद्धवाड्यातली. आमच्या सोबतीला म्हसवडला यायची, पण देवळात जायची नाही. बाहेर झाडाखाली बसून सोडायची.

एकीनं खोचून विचारलं, "देव मानत न्हाईस, मग सोडतीस कुणापुढं?"

"माझ्या सासऱ्यानं घरातलं सगळं देव विहिरीत सोडलं. मला चहा सोडायला कोण लागतंय?"

आणि सोडला! पुढं लेकीकडं खंडाळ्याला निघाली, तर एसटी स्टँडवर एक अनोळखी म्हातारी कपबशी घेऊन समोर उभी. "सुशे, घे की. गार हुतोय."

"न्हाई घेत."

एसटी सुटल्यावर सुशीलानं मागं बघितलं. म्हातारी नव्हती. बाकड्यावर कपबशी तेवढी, आणि कपातून वाफ निघत होती.

"घाबरलीस का गं?" मी विचारलं.

"घाबरले न्हाई. पण वास लय भारी येत हुता!"

* * *

आमच्या मालकिणीलाही हौस आली. जीपमधून म्हसवडला गेल्या आणि नवी साडी नेसायचं सोडलं. पण दुकानं काही सोडवेनात! घ्यायच्या आणि कपाटात ठेवायच्या.

एक दिवस बांधावर आल्या, तोंड पांढरंफटक. म्हणाल्या, "कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असती. तरी रोज सकाळी एक साडी चुरगळलेली, घामानं ओली."

मी खुरपं खाली ठेवलं नाही. "वैनी, तुमी नेसत न्हाई, मग कुणीतरी नेसणारच की!"

* * *

आता हौसाचं ऐका.

हौसाचा एकुलता एक लेक संजय मिलिट्रीत, बर्फात. सुट्टीला आला तेव्हा तिला रंगीत टीव्ही घेऊन दिला. "आय, मी नसलो की हे बघत जा." मग त्याची पत्रं बंद झाली. त्या आखाडात हौसानं देवापुढं टीव्ही सोडला. दसऱ्यापर्यंत नाही, पोरगं घरात येईपर्यंत.

मी म्हणाले, "अगं, त्यानंच दिलेली वस्तू?"

"म्हणून तर."

तिनं वायर काढली, वर लुगडं टाकलं. एकदा सांजच्याला मी तिच्याकडं गेले. गावात लाईट नव्हती. हौसा टीव्हीकडं पाठ करून तांदूळ निवडत होती, आणि समोरच्या भिंतीवर निळा उजेड हलत होता. मागं लुगडं सरकल्याचा आवाज आला.

"आय. ए आय. हिकडं बघ की."

संजयचाच आवाज! माझी मान वळायला लागली, तशी हौसानं माझी वेणी गच्च धरली.

"बघायचं न्हाई."

"अगं, तुझं पोरगं हाक मारतंय!"

"माझं पोरगं दारातनं येईल."

डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण दुसरा हात तांदळातून हलला नाही. म्हणाली, "रोज येतंय हे."

दसऱ्याच्या तोंडावर संजय आला. दारातून! बर्फाखाली गाडला गेला होता, मग दवाखान्यात बेशुद्ध पडून होता. हौसानं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाण्याचा तांब्या दिला. घर माणसांनी भरलेलं.

पाणी पिऊन तो त्या झाकलेल्या टीव्हीकडं बघत राहिला.

"आय, रोज सांजच्याला तू मला पाठमोरी दिसायचीस. तांदूळ निवडत. लय हाका मारल्या मी."



"एकदा ही मावशी वळत हुती," माझ्याकडं बोट करून तो म्हणाला. "तू वेणी धरलीस. न्हाईतर मी तवाच आलो असतो गं, आय. तसाच, गार पडलेला."