पैकीच्या पैकीवाली आरोही

मी पुण्यात खुर्चीत बसून गणिताचे डिजिटल खेळ बनवते. ते खेळणारी पोरं मला फक्त रिपोर्टमधल्या आकड्यांतून भेटतात. त्यात अकोटजवळच्या एका शाळेतली चौथीतली आरोही महिनाभर चमकत होती. भागाकार, अपूर्णांक, सगळं पैकीच्या पैकी! शेवटी राहवेना. बक्षिसाची कंपासपेटी घेतली, शाळेत फोन केला आणि निघाले.

सकाळी अमरावतीला उतरले. राजापेठेत दही घातलेला गिला वडा खाल्ला. पोट भरलेलं असलं तरी खाच. तिथून दर्यापूरमार्गे अकोटची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे मी खिडकीपाशी थाटात बसले. हिवाळ्यात जा, दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली दिसते. रस्ता बरा आहे, मधेमधे हाडं खिळखिळी होतात. अकोटहून पुढे रिक्षा, पण ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई करू नका.

शाळेच्या दारातच वर्गशिक्षिका सुषमाबाई म्हणाल्या, "तुमी येऊन राहिल्या हे ऐकल्यापासून आरोही धड जेवली नाई. काहून, तेही सांगत नाई."

वर्गात मी हौसेनं आरोहीला फळ्याशी बोलावलं आणि एक सोपा भागाकार लिहिला. खडू हातात घेऊन ती नुसती उभी राहिली. डोळे भरून आले.

"मले भागाकार येत नाई," ती म्हणाली. "तो आमच्या वर्गातला सार्थक करते. माह्याकडं गणित वाचाचं काम आहे."

"मग नाव तुझंच कसं?"

"एकच टॅब चालू आहे, मॅडम!" मागून सार्थक ओरडला. "त्याच्यात पयलं नाव हिचं. आमी सारे तेच दाबतो!"

मला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. एका टॅबपुढे एकच मूल बसतं, हे मी पुण्यात बसूनच ठरवून टाकलं होतं. त्यापायी ही पोरगी घाबरून घास गिळेना! कंपासपेटी मी अख्ख्या वर्गाला दिली आणि यापुढे खेळ प्रत्येकाचं नाव विचारेल, असं सांगितलं. मधल्या सुट्टीत आरोही खिचडीचं ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसली.

"आता मले येत नाई, ते तुमाले दिसन?"

"दिसेल. म्हणजे कुठे अडतं ते मला कळेल."

यावर तिनं आणखी खिचडी मागून घेतली.

परतल्यावर खेळात प्रत्येक पाळीला नाव विचारायची सोय केली. परवा शाळेचा नवा रिपोर्ट आला. सार्थक जोरात आहे. आरोहीचे भागाकार दहा, त्यातले सात चूक. तीन बरोबर आलेत, आणि ते तिचे तिनं सोडवलेत. ऑफिसात मी दिवसभर प्रत्येकाला ते तीन दाखवत फिरले.