आक्का समुद्रात उतरल्या होत्या

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी चौथीच्या वर्गात फळ्यावर भागाकार मांडत होते. बारामतीच्या दवाखान्यातून विलासनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, शाळेशेजारच्या दुकानात फोन केला होता. दुकानदार वर्गाच्या दारात येऊन नुसता उभा राहिला. मला कळलं. तरी मी तो भागाकार पुरा केला, बाकी लिहिली, मग खडू ठेवला... माणूस असं का वागतं, मला अजून उमगलेलं नाही.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. पणदऱ्याच्या आमच्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा चूल, गोठा आणि आत्याबाईंचा, म्हणजे आमच्या सासूबाईंचा, राग हे तिन्ही त्याच सांभाळत. मी शाळेतून दमून आले की, साळंतली पोरं काय कमी छळत्यात, बस जरा, असं म्हणत चहा पुढ्यात ठेवायच्या. त्यांचं माहेर वरकुटे. त्यांच्या आबांनी स्वतःच्या रानात विहीर खणली तेव्हा घरातल्या एकूण एक माणसाला, पोरींनासुद्धा, कमरेला भोपळा बांधून तिच्यात पोहायला शिकवलं. लोकांच्या पाण्यापासून लय दिवस लांब राहिलो, आता आपल्या पाण्याला भ्यायचं न्हाय, असं आबा म्हणायचे. सासरी आल्यावर मात्र आक्का पाण्यात उतरल्या त्या कालव्यावर म्हशी धुवायला, तेवढ्याच.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धवंदना झाली, चार माणसं आक्कांबद्दल बोलली. मग विलास उठला. त्याला रडू आवरत नव्हतं, म्हणून असेल, त्यानं घरात कायम चालणारा विनोदच सांगितला. आमची आई डॉल्फिनसंगं पवली व्हती बरं का, कोकणात! तिला आसं कायबाय दिसायचं. लोक ओल्या डोळ्यांनी हसले. मी मान खाली घालून बसून राहिले. तिथं बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांची दापोलीकडे सहल निघाली. एक बाई ऐनवेळी गळाली आणि तिच्या जागेवर मी आक्कांना न्यायचं ठरवलं. त्या दिवसांत घरात माझ्या नोकरीवरून धुसफूस चालू होती. आत्याबाईंचं म्हणणं, पगार येतोय पण सून हाताबाहेर चाललीय. तरी त्यांनी आक्कांना पाठवलं. निघताना मला म्हणाल्या, "तुझ्या जिवावर धाडतीया. न्हेलीस तशी माघारी आण."

समुद्रावर पहिल्या फेरीत गेलेल्या बाया, गाडी लागते तशी होडी लागून, वाळूत आडव्या पडल्या होत्या. दुसऱ्या फेरीला उरलो आम्ही दोघीच, आणि होडीवाला. सकाळचं पाणी शांत होतं. किनारा बराच मागं पडल्यावर होडीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. काळी, ओली, चकचकीत पाठ वर आली, फुस्स करून श्वास सोडला आणि खाली गेली. मग बाजूला दुसरी, लहानशी. मी 'डॉल्फिन' म्हणायला तोंड उघडलं, तर आक्का उभ्या राहिलेल्या.

"सुमे, रेडकू बुडतंय गं!"

आणि त्यांनी उडी टाकली. खरंच. नऊवारी लुगड्यात, कासोट्यासकट, डोरल्यासकट. आयुष्यभर कालव्यात म्हशी बघितलेल्या बाईनं दुसरं काय समजावं? तसाच रंग, तसंच फुस्कारणं. होडीवाला ओरडत होता, बाई, मासा आहे तो, माघारी या. आक्का हात मारत त्या पिलापाशी गेल्या आणि तिथं एकदम थांबल्या. त्यांना कळलं असणार. मला वाटलं आता घाबरतील. पण त्या हसल्या, मोठ्यानं, तोंडात खारं पाणी जाईपर्यंत हसल्या. मग पाण्यावर पसरल्या आणि पोहायला लागल्या. मोठा डॉल्फिन वळून त्यांच्या अंगाशी आला, लहानगं पलीकडून. हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावरून ती दोघं त्यांच्याबरोबर चालली. लुगडं फुगून वर आलं होतं. मोठा किंचित कुशीवर झाला आणि त्यानं एका डोळ्यानं आक्कांकडं बघितलं. हे मी पाहिलं. होडीच्या काठाला दोन्ही हातांनी धरून मी सगळं पाहिलं. आक्का म्हणाल्या, "ये की." मला पोहता येत नव्हतं असं नाही. लग्नाआधी लासुर्ण्याच्या कालव्यात शिकले होते. पण मी उतरले नाही.

किनाऱ्यावर बायांनी ओल्या लुगड्याचं विचारलं, तर मी म्हटलं, उतरताना लाट आली. आक्कांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले. त्यांना वाटलं, बाहेरच्यांपासून ठेवलेली आमच्या दोघींची गंमत आहे ही. घरच्यांपासून लपवायचं काही असेल, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

घरी आल्या आल्या त्यांनी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. रेडकाची चूक ऐकून घर हसून हसून लोळलं. पण तो मासा संगं पवत व्हता, त्यानं मला बघितलं, म्हटल्यावर हसणं बदललं. आत्याबाई हसत नव्हत्या. समुद्रात उडी टाकली, ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. त्या माझ्याकडं वळल्या.

"खरं का गं हे?"

आक्का माझ्याकडं बघत होत्या, चेहरा फुललेला. आता सुमन सांगंल, असा.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणाले. "होडीत लाट आली, त्यात त्या भिजल्या. भ्यायल्या होत्या... भास झाला असेल."

नोकरी सोडायला लावतील ह्या भीतीनं म्हणाले, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की तो मासा माझ्याकडं आला नव्हता. मी शिकलेली, सहल माझी, आणि ज्या गोष्टीला मी भ्यायले ती ह्या बाईनं चुकून, हसत करून टाकली होती.

आक्कांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "आसंल. भास आसंल मग." आणि धारा काढायला उठल्या.

माझी नोकरी टिकली. आक्कांचा शब्द मात्र घरात हलका झाला. म्हैस आज व्यायची असं त्यांनी म्हटलं, तर कुणीतरी म्हणायचं, आक्कांना डॉल्फिन दिसला. यंदा त्यांनी छातीत दुखतंय म्हणून सांगितलं तेव्हाही विलास आधी हसलाच. लवकर आणलं असतं तरी उपयोग नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. मी ते धरून बसते. रोज धरवत नाही.

दवाखान्यात शेवटी भेटले तेव्हा मी ठरवून गेले होते. त्यांच्या उशाशी बसले, सुरुवात केली, आक्का, त्या कोकणातल्या... त्यांनी माझा हात थोपटला. "तू भ्याली व्हतीस. मला ठावं हाय," म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले. माफी मागायचीही मला गरज ठेवली नाही. पण कुणाला सांगशील का, असंही विचारलं नाही. तो भरवसा त्यांनी केव्हाच सोडला असावा.

मागच्या आठवड्यात मी घरच्यांना जमवलं आणि सांगितलं. पिलू, तो डोळा, माझं खोटं, सगळं. विलास ऐकत होता. आत्याबाई आता फारसं ऐकू येत नाही म्हणून भिंतीकडं बघत होत्या. माझं संपल्यावर विलास जवळ येऊन बसला आणि फार मायेनं म्हणाला, "काकी, तुमचा लय जीव व्हता तिच्यावर. म्हनून तुमाला आसं वाटतंय."

मी म्हटलं, अरे, मी पाहिलंय.

"व्हय, व्हय," तो म्हणाला. त्याची बायको चहा टाकायला उठली.

दुपारी शाळा सुटली की मी मागच्या अंगणात जाते. तिथं दोरीवर आक्कांचं लुगडं वाळत घालायची एक ठरलेली जागा होती, उन्हाच्या बाजूची. ती जागा घरात कुणीच घेतलेली नाही; सुनाही आपली धुणी अलीकडं घालतात. मी तिथं बाज ओढून बसते. मोठा मासा कुशीवर कसा झाला, ते पहिल्यापासून आठवून बघते, काही सुटतंय का म्हणून. आता ह्या घरात ते ठाऊक असलेली मी एकटीच आहे.