बद्द वाजलेला बोल्ट

धक्क्यावर सगळे त्याला कानमिस्त्री म्हणायचे. खरं नाव फक्त पोस्टमनला ठाऊक.

होडीच्या मागे सुकाणू टांगलेलं असतं ते तीन बिजागऱ्यांवर, आणि त्या बिजागऱ्यांना धरून ठेवतात लाकडातून आरपार गेलेले बोल्ट. बाहेरून बोल्टाचं डोकं आरशासारखं चमकतं. पण आत, ओल्या लाकडात, जिथे वारा पोचत नाही, तिथे खारं पाणी त्याला पोखरत बसतं. दुसरे मिस्त्री एकेक बोल्ट उपसून बघत. हा गडी डोक्यावर छोटी हातोडी मारायचा, डोळे मिटायचा, मान तिरकी करायचा. भोवतीची माणसं श्वास रोखून उभी. जरा वेळानं, अगदी हवा तेवढाच वेळ घेऊन, तो म्हणायचा, "वाजला." नाहीतर, "बद्द आहे, काढा." भल्याभल्या नटांना असा प्रवेश रंगवता येत नाही. तीस वर्षांत त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता.

तेव्हा जावयानं जुनी होडी घेतल्यावर तपासायला दुसरं कोण येणार? होडी पाण्याबाहेर ठोकळ्यांवर चढवली होती. मुलगी तळाला चिकटलेले शिंपले खरवडत होती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिचा नवरा पहिल्यांदा स्वतःच्या होडीतून समुद्रावर जाणार होता.

"मामा, रंग बघा. नवरीसारखी दिसते की नाही?"

"रंग फासला तर मीसुद्धा नवरदेव दिसेन, जावईबापू. चला, मागची बाजू दाखवा."

त्यानं सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते बोटभर डगडगलं. वरच्या बिजागरीचा खिळा झिजला होता. तो बदलायचा ठरला. मग त्यानं हातोडी काढली. पहिला बोल्ट, दुसरा, तिसरा, असे सहाही.

"वाजले," तो म्हणाला. "बोल्टांना हात लावायचं कारण नाही."

मुलीचा हात थांबला. ती उठून त्याच्यासमोर आली. हे आवाज ऐकतच ती वाढली होती.

"बाबा, तिसरा बद्द होता. ओल्या पोत्यावर मारल्यासारखा."

"वाऱ्यामुळे वाटलं असेल तुला."

"वारा कुठाय, बाबा?"

"अगं, जन्म गेला त्यांचा यात," जावई म्हणाला. "तू कशाला मध्ये तोंड घालतेस?"

"उद्या तुम्ही जाणार आहात, म्हणून."

तिनं पाना लावून नट सोडवला आणि आतल्या बाजूनं बोल्टावर ठोकलं. डोकं बाहेर आलं, चकचकीत. त्याच्यामागे बोटाएवढ्या जाड बोल्टाची उरलेली सुई, तीही मधेच तुटलेली. भोकातून तपकिरी पाणी ओघळलं.

मिस्त्री त्या तुकड्याकडे बघत राहिला. त्याच्या पाठीमागून मुलीनं हळूच विचारलं, "बाबा, पाणी देऊ?" तो हलला नाही. ती वळसा घालून समोर आली.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं. समोर असलं की ओठांवरून माणसांचं बोलणं कळतं."

"आणि हातोडी?"

"हाताला समजते असं वाटायचं. मी डोळे मिटायचो, लोक बघत उभे असायचे. काहीतरी म्हणावंच लागायचं ना, बाई."

सहाही बोल्ट उपसले. चार खाल्लेले निघाले. भोकं मोठी करून वाळवली, नवे जाड बोल्ट चिकट रसायनात बुडवून आवळले. सगळं काम त्यानं स्वतः केलं. हात अजून पक्का होता. जावयाचं जाणं आठवडाभर लांबलं.

या दीड वर्षात मिस्त्रीनं अकरा होड्यांना 'वाजले' म्हटलं होतं. मुलीला बरोबर घेऊन तो एकेका मालकापुढे उभा राहिला आणि सांगत गेला: मला ऐकू येत नव्हतं, बोल्ट काढून बघा.

"आता नाकानं तपासणार का?" एकजण म्हणाला. दुसऱ्यानं तोंडावर दार लावलं, पण संध्याकाळी होडी वर ओढली. दहांतल्या तीन होड्यांत तशाच सुया निघाल्या.

अकरावी होडी गेल्या वर्षी वादळात गेली होती, मालकासकट. धक्क्यावर सगळ्यांनी वादळालाच बोल लावला होता, मिस्त्रीनंसुद्धा.

"मी येते," मुलगी म्हणाली.

"नको. हे माझं मलाच सांगू दे."

मालकाची बायको दारापाशी मशीनवर शिवत बसली होती. त्यानं उभ्याउभ्याच सांगितलं. तिनं सुई वर केली, कापड सोडवलं, नीट घडी घातली.

"बोल्टच तुटले होते का?"

"माहीत नाही, वहिनी. होडीच मिळाली नाही. वादळही असेल."

"निघताना मीच विचारलं होतं त्यांना, होडी ठीक आहे ना. म्हणाले, कानमिस्त्रीनं बघितलीय, तू झोप."

तो मान खाली घालणार होता; पण मग तिचं बोलणं कळलं नसतं. तो बघत राहिला.

"मुलांना मी वादळ सांगितलंय," ती म्हणाली. "साडेपाचला शाळेतून येतील. आता दुसरं काही मी नाही सांगायची. बसा. आली की तुम्हीच सांगा."

चार वाजले होते. तिनं त्याच्याकडे स्टूल सरकवलं आणि पुन्हा कापड सुईखाली घेतलं. तो बसला.