मुंगूसपंत

इकडे परदेशात, नोव्हाय गावात मी, गुरुदत्त, गेली एकोणीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासतो. घरच्यांच्या मते त्यातला एक माझ्या जिभेला बसवायला हवा होता. कुणी न विचारता माहिती पुरवणं हा माझा जुना आजार.

म्हणूनच बारा वर्षांच्या माझ्या लेकीने, रुहीने, फेरेट नावाचा लांबुडका, केसाळ प्राणी पाळला तेव्हा मी पाहताक्षणी निकाल दिला, "अगं, हे तर आपलं मुंगूस!" तिने त्याचं नाव ऑलिव्हर ठेवलं होतं. मी मुंगूसपंत म्हणू लागलो. तिने शाळेच्या प्रोजेक्टसाठी त्याचा सगळा इतिहास वाचला होता. "बाबा, ही इज नॉट अ मुंगूस! लोक त्यांना ससे हुसकायला बिळात सोडायचे. टू थाउजंड इयर्स झाली पाळून. ही कान्ट लिव्ह आउटसाइड." मी मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी घरामागच्या लाकडी डेकवर हातभर साप ऊन खात पडलेला दिसला. मी मूळचा नागपूरचा, अंगात वीरश्री संचारली. साप आहे, घरात मुंगूस आहे, आणखी काय हवं? रुही पियानोच्या क्लासला गेली होती. मी पंतांना सापासमोर ठेवलं आणि व्हिडिओसाठी फोन सरसावला. साप एकीकडे पळाला, पंत दुसरीकडे. व्हिडिओत फक्त माझी चप्पल आली.

रुही परतली. खोटं सुचायच्या आत माझ्या तोंडून खरं निघून गेलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ही विल डाय, बाबा," एवढंच म्हणाली. दोन हजार वर्षं माणसाच्या हातचं खाल्लेली जात, आणि संध्याकाळनंतर पारा शून्याखाली जाणार होता. मला मनापासून लाज वाटली.

दुपारपर्यंत "ऑलिव्हर, ऑलिव्हर" करून तिचा घसा बसला. मग मला डेकखाली एक बीळ दिसलं. पंतांचा पिढीजात धंदाच तो! मी चिखलात पालथा पडलो. रोज ऑफिसला निघताना मी पंतांना चोरून चिकनचा तुकडा देतो. सवयीने तीच हाक निघाली, "या मुंगूसपंत, जेवायला या."

मातीने माखलेलं नाक बाहेर आलं, पाठोपाठ पंत.

मी फुशारकी मारायला तोंड उघडलं, तोच रुही त्याला छातीशी धरून म्हणाली, "बाबा, ही डझन्ट नो हीज ऑलिव्हर." आणि मग ती रडली. दिवसभरात पहिल्यांदाच.

हल्ली रोज सकाळी मी पिंजऱ्यापाशी चिकन घेऊन बसतो आणि "ऑलिव्हर, ऑलिव्हर" म्हणतो. पंत ढिम्म. काल मात्र त्याने एकदा मान वर केली. रुहीला अजून सांगितलेलं नाही. त्याने तिच्या हाकेला ओ देईपर्यंत तोंड मिटून बसायचं ठरवलंय.