माचू पिचूवर पाणी कुठून येतं

अन्याय माझ्या बाबावर झाला. माझी अकरावी संपली त्या उन्हाळ्यात, जूनच्या पहिल्या मंगळवारी, सकाळी सव्वादहा वाजता, अमेरिकेत, अर्विंगमधल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये. माचू पिचूला जायचं विमान शनिवारचं होतं. आम्ही दोघं रेनकोट आणायला निघालो होतो आणि बाबाने गाडी सुरू केली तेवढ्यात कंपनीच्या वकिलाच्या ऑफिसातून फोन आला. व्हिसा एक्स्टेंशनची फाइल अडकली आहे, आणखी कागद मागितलेत, आत्ता देशाबाहेर गेलात तर परत कधी येता येईल ते सांगू शकत नाही. बाई नम्र होती. ‘हॅव अ ग्रेट डे’ म्हणून तिने फोन ठेवला.

बाबाने गाडी बंद केली. एसी गेला तरी आम्ही तसेच बसून राहिलो.

बाबा गडांवरचा माणूस. पुण्यात कॉलेजात असताना दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गडावर. त्याच्या ग्रुपची एक रीत होती. वर पोचल्यावर कितीही दमलेले असलात तरी आधी बसायचं नाही, आधी पाणी शोधायचं. टाकं कुठे खोदलंय, त्यात पाणी कुठून येतं, मे महिन्यात टिकतं का. ते कळलं म्हणजे गड पाहिला. नाहीतर नुसतेच पाय दुखवून घेतले, असं तो म्हणायचा. माचू पिचूचं एक चित्र त्याने शाळेत असताना कुठल्यातरी मासिकात पाहिलं होतं, आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच प्रश्न होता: एवढ्या टोकावर माणसं राहिली, तर पाणी कुठून आणलं?

आमच्या भागात चढायला काहीच नाही. सगळ्यात उंच म्हणजे हायवेचा फ्लायओव्हर. म्हणून त्या वर्षी तो सॅकमध्ये वीस पौंडांची तांदळाची पिशवी घालून रोज संध्याकाळी तीन मजल्यांचे जिने चढायचा-उतरायचा. खालच्या मजल्यावरचे नागपूरचे काका दारात उभे राहून बघायचे.

“काय भाऊ, तांदूळ वर नेऊन राहिला की खाली आणून राहिला? एकदा ठरवून घे ना.”

“आठ हजार फुटांवर न्यायचेत,” बाबा धापा टाकत म्हणायचा.

“मग डाळ पण ने. नुसता भात कोण खाईल तिथं?”

तर, पार्किंग. बाबा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाला, “रिस्क घ्यायची का? काय वाटतं तुला?”

मी सोळा वर्षांची होते. इथेच जन्मलेली, अमेरिकन पासपोर्ट असलेली. मला कुणी कुठे अडवणार नव्हतं. मी म्हणाले, “आणि तू परत नाही येऊ शकलास तर? व्हॉट अबाउट मी? माझं सीनियर इयर आहे, बाबा, शाळेचं शेवटचं.” आणि रडायला लागले.

त्याने तिथेच बसून फोनवरून तिकिटं कॅन्सल केली.

पुढे मी ॲन आर्बरला शिकायला गेले आणि पत्रकं लिहायला लागले. थंडीत बसस्टॉपवर उभं राहून ती वाटली. ग्रीन कार्डच्या रांगेत अडकलेल्या माणसांबद्दल, त्यांच्या मुलांबद्दल, न गाठता आलेल्या अंत्यविधींबद्दल. बाबाची गोष्ट मी त्यात तीन वेळा वापरली. वकिलाचा फोन, कॅन्सल झालेली तिकिटं, सगळं. माझं ‘व्हॉट अबाउट मी’ हे वाक्य तिन्ही वेळा गाळलं. पत्रकात दोषी एकच असावा लागतो, असं मी स्वतःला सांगत होते.

आणि सरकार दोषी आहेच. वर्षानुवर्षं टॅक्स घ्यायचा, मुलांच्या शाळेत व्हॉलंटियर करायला बोलवायचं, आणि आठ दिवस डोंगर बघून येतो म्हटलं तर परत घेण्याची हमी द्यायची नाही, याला दुसरा शब्द मला येत नाही. पण या व्यवस्थेला दारावर पहारेकरी ठेवावा लागत नाही. ते काम आम्ही घरातली माणसं करतो. ‘कार्ड आलं की जाऊ’ हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलं, की ते कोण बोलतंय याकडे कुणी लक्षही देत नव्हतं.

जवळच्या फ्रिस्कोचे एक काका, बाबाचे जुने सहकारी, तशाच अडकलेल्या कागदांवर बिनधास्त माचू पिचूला जाऊन आले. काही झालं नाही. त्यांनी आम्हाला जेवायला बोलावून टीव्हीवर दोनशे फोटो दाखवले. बाबाने सगळे बघितले आणि एकच विचारलं, “वर पाणी कुठून येतं रे?”

“पाणी? बाटली आत नेऊ देतात. नो प्रॉब्लेम.”

बाबा हसला.

मग काही वर्षांनी ग्रीन कार्ड आलं. आईने शिरा केला. बाबाला तेव्हा जिन्याच्या पहिल्याच वळणावर थांबावं लागत होतं. आम्ही म्हणालो, वय. तपासण्या झाल्या. फुप्फुसं आतून कडक होत चालली आहेत, परत मऊ होणार नाहीत. डॉक्टरने विचारलं, प्रवासाचं काही ठरवलंय का? बाबाने सांगितलं. डॉक्टर म्हणाला, समुद्रकिनारी जा. उंचीवर कधीच नाही.

आता घरात ऑक्सिजनचं मशीन आहे. त्याची नळी हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत पोचते. कार्ड त्याच्या पाकिटात आहे.

“तू जा,” तो मला म्हणाला. “आणि नीट बघ.”

मी यंदा गेले. पहाटेची बस, धुकं, रांग. पायऱ्या चढताना छाती भरून आली तेव्हा मनात एकच येत होतं: ही धाप तांदळाची पिशवी घेणाऱ्या त्या बाबाने हसत सोसली असती. आत सगळा रस्ता एकाच दिशेचा, मागे फिरता येत नाही. लोक फोटोच्या कट्ट्याकडे घाई करत होते. मी गाइडला म्हटलं, मला आधी पाणी दाखवा. त्याने मला जरा निरखून पाहिलं. मग डोंगराच्या कुशीकडे बोट केलं. तिथे झरा आहे. तिथून दगडात कोरलेला अरुंद पाट उताराने गावात येतो, आणि एकाखाली एक अशा कुंडांमधून पाणी उतरत जातं. अजून वाहतंय. मी फोन धारेजवळ धरून आवाज रेकॉर्ड केला. मागचे लोक कंटाळेपर्यंत.

खालच्या गावात नेटवर्क मिळाल्यावर बाबाला तो पाठवून फोन लावला. पलीकडे मशीनची घरघर. त्याने दोनदा ऐकलं.

“उतार किती असेल?”

“फार कमी. दिसतही नाही.”

“तेच तर अवघड. छान काम केलंय त्यांनी.”

मी म्हणाले, “बाबा, त्या दिवशी पार्किंगमध्ये मी रडले नसते तर...”

“तू नसतीस रडली तरी मी कॅन्सल केलंच असतं. मला तुझ्याहून जास्त भीती वाटत होती.”

हे खरं, की माझ्यासाठी बोलला, मला अजून कळलेलं नाही. विचारायला गेले की तो दमतो, आणि आई त्याच्या हातातून फोन घेते.

म्हणून तुम्हाला सांगते, तुम्ही, जे इथे मत देऊ शकता आणि देऊन गप्प बसता. तुमच्या ओळखीत रांगेत थांबलेलं एक तरी माणूस आहे. त्याचं व्हिसाचं स्टेटस विचारू नका. कुठे जायचं राहिलंय ते विचारा. मग तुमच्या भागातल्या लोकप्रतिनिधीच्या ऑफिसला फोन करा आणि सांगा, की या माणसाला जाऊन परत येता आलं पाहिजे, कार्ड येण्याआधी, पाय आणि छाती शाबूत असताना. हा फोन आज करा.