नाडीवाले मिस्तरी

गाडी शेडपुढे थांबली की मिस्तरी आधी मालकाशी बोलायचे नाहीत. खाली वाकून, वैद्याने नाडी पाहावी तसा एकेका चाकाजवळ पालथा हात नेऊन ते तापलंय का पाहायचे. चारही चाकं झाली की कमरेवर हात ठेवून उभे राहायचे आणि मग म्हणायचे, "हं, बोला." रनाळ्याच्या रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडला पाटी नव्हती. नाडीवाले मिस्तरी म्हटलं की कुणीही बोट दाखवायचं.

मी रनाळ्याच्या शाळेत मास्तर. जुनी गाडी घेतली आणि ती पेट्रोल इतकं पिऊ लागली की टाकीच गळत असावी असं मला वाटलं. मिस्तरींनी टाकीकडे पाहिलंही नाही. पुढच्या डाव्या चाकाजवळ नेलेला हात त्यांनी झटकन मागे घेतला आणि म्हणाले, "सर, ब्रेकनी चाक धरी ठेयेल शे. इंजिन वढस, ब्रेक धरस. मंग पेट्रोल कसं पुरी?"

ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चाकाची चकती दाबून धरणारा चिमटा, ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या चिखलपाण्याने गंजून कोरड्या पडल्या होत्या. त्यांनी त्या काढून घासल्या, पुसल्या आणि एका चपट्या डबीतलं ब्रेकचं वेगळं ग्रीस नखभर लावलं. मग गाडी न्यूट्रलला टाकून एका हाताने ढकलली. ती निमूट चालू लागली. त्यांची परीक्षा एवढीच होती. दुसरा हात लावावा लागला तर गाडी पुन्हा जॅकवर. दर वर्षी पावसाळा सरला की पिना साफ करून न्या, असं त्यांनी दोनदा बजावलं.

दुसऱ्या वर्षी पावसाळा सरला आणि मला शहाणपण सुचलं. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, अंगणात चाक उघडलं आणि विहिरीच्या पंपासाठी आणलेलं ग्रीस पिनांवर चांगलं बोटभर थापलं. मिस्तरींना विचारलंत का, असं बायकोने म्हटलं, तर हे पाचवीची पोरंही करतील, असं मी तिला ऐकवलं. पंपाच्या ग्रीसने पिनेवरचं रबर फुगतं आणि पिन अडकून ब्रेक चाक सोडत नाही, हे ना व्हिडिओत होतं ना माझ्या डोक्यात.

महिनाभराने अक्कलकुव्याला लग्नाला निघालो. वाटेतच चाकातून धूर आला. मांडवात शिरलो तेव्हा आमच्या कपड्यांना जळका वास येत होता आणि सासुरवाडीचे लोक नाकाला रुमाल लावून हसत होते. तो सगळा राग घेऊन दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेडवर गेलो. बाकावर चार-पाच जण चहा पीत बसले होते. त्यांची मुलं माझ्याच वर्गात. चाक मी स्वतः उघडलं होतं, हे मी गिळून टाकलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "माझ्या बायकोपोरांचा जीव गेला असता. दोन पिना धड बसवता येत नाहीत तर दुकान कशाला मांडलंय?"

मिस्तरींनी चाक उघडलं. पिन मोठ्या कष्टाने ओढून काढली. तिच्यावरचं ग्रीस दोन बोटांत चोळलं, हुंगलं आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या लिंबाकडे पाहू लागलो.

"चुकी मन्ही शे, सर," ते म्हणाले आणि कामाला लागले.

शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत मी ही हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. एकेक मास्तर आपली गाडी दुसरीकडे नेऊ लागला आणि त्यांच्या मागोमाग गावही. वर्षभरात तो बाक रिकामा झाला. येताजाता मिस्तरी त्यावर एकटेच बसलेले दिसायचे. ते दिसले की मी गाडीचा वेग वाढवायचो. थांबायची लाज वाटायची.

मग त्यांच्या अंगावरून वारं गेल्याचं कळलं. शेड बंद झाली आणि ते कोरीटला आपल्या घरी गेले. तिथे जायला मला चार महिने लागले. वाटेत वाक्यं घोकली होती, पण "मिस्तरी, ते ग्रीस" एवढंच तोंडून निघालं.

"माले तवयच समजनं व्हतं," ते म्हणाले. "पंपनं ग्रीस व्हतं ते."

मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं मी विचारलं.

"तठे बठेल लोकेस्ना पोरे तुम्हनाकडे शिकतस. त्यास्ना समोर मास्तरले खोटं कसं पाडू?"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. ते मात्र काठी टेकत बाहेर आले, काठी भिंतीला लावून गाडीला टेकले आणि धडधाकट उरलेला हात चारही चाकांजवळ फिरवला. "गार शेतस," म्हणाले आणि समाधानाने हसले.

उन्हाळ्यात ते गेले. दहाव्याला आम्ही मास्तर मंडळी कोरीटला गेलो होतो. शेजारी बसलेला सहकारी हळूच म्हणाला, "माणूस भला होता, पण तुमच्या गाडीचं वाटोळं केलं त्याने." मी चहाचा कप तोंडाला लावला.

न केलेली चूक त्या माणसाने चारचौघांत आपल्या माथी घेतली आणि स्वतःचं नाव घालवलं. केलेली चूक मला आजवर कबूल करता आलेली नाही. हे लिहून झालं की हा कागद शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचायचा, असं ठरवलं आहे. असं मी याआधीही दोनदा ठरवलं होतं.