मेंदूचा फोटो आणि हुरड्याची पहिली मूठ

दर हिवाळ्यात कुंभारीला मावशीच्या शेतात आम्ही हुरडा खायला जमतो. तिथला एक नियम आहे. आगटीतून भाजलेली कणसं निघाली की मावशी ती तळहातावर चोळते आणि प्रत्येक खेपेची पहिली गरम मूठ गोष्ट सांगणाऱ्याला देते. गेली वीस वर्षं ती मूठ माझी. दुसऱ्या कुणी गोष्ट सुरू केली, तर मी खोकतो.

यंदा मावशीचा धाकटा मुलगा परदेशातून आला होता. उत्तेजक नशेनं मेंदूचं काय होतं, याचे तिकडे तो फोटो काढतो. त्यानं मोबाइलवर दोन मेंदू दाखवले. एकात मधोमध लालभडक ठिपके, दुसऱ्यात फिकट.

"डोपामिन म्हणजे मजेचा निरोप समजा," तो म्हणाला. "तो निरोप घेणाऱ्या जागा इथं लाल दिसतात. वर्षानुवर्षं नशा केली, की त्या कमी होतात. मग साध्या गोष्टीत मजा येईनाशी होते."

सगळी मंडळी मोबाइलवर वाकली. मी खोकलो. कुणी बघितलं नाही. मावशीनं पहिली मूठ त्याला दिली.

आगटीतला जाळ माझ्या पोटात शिरला. मी उठलो, शाल खांद्यावर टाकली आणि जाहीर केलं, "माझाही असला फोटो निघालाय. सोलापुरातच. बघतात तर अख्खा मेंदू लाल. डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. म्हणाले, एवढी मजा एका डोक्यात मावते कशी?"

मंडळी माझ्याकडे वळली. आगटीतून दुसरी खेप निघत होती.

"दादा," मावसभाऊ अगदी गोडीत म्हणाला, "इंजेक्शन कुठल्या हाताला दिलं?"

"कसलं इंजेक्शन?"

"त्याच्याशिवाय मशीनला ह्या जागा दिसतच नाहीत."

"त्यो नाकाचा फोटू होता," कणसं चोळता चोळता मावशी म्हणाली. "सर्दी हटंना म्हणून काढलेला. मीच गेले हुते की संगं."

मंडळी हसून लोळली. मावशीच्या तर डोळ्यांना पाणी आलं. ते पुसत तिनं मूठ माझ्या हातावर रिकामी केली. "घे. तुझी थापच बरी हाय."

मावसभाऊ माझ्या तळहाताकडे बघत होता. ती नजर मी लगेच ओळखली. पहिली मूठ त्याला मिळाल्यापासून मी तीच घेऊन बसलो होतो. त्याच्यासमोर एकेक दाणा चावून खाल्ला. एकही दिला नाही.